कादंबरी आणि घरातली इतर कामं

घरातला मिक्सर बंद पडला की आमच्याकडे दुरुस्तीवाल्याला फोन जात नाही. बायको चहाचा कप माझ्यासमोर ठेवते आणि फार मायेनं विचारते, “अहो, नवीन काही लिहायला घेणार होतात ना?”

ही साहित्याची चौकशी नसते. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक शोध लागलाय. एरवी जो माणूस पाण्याचा तांब्या जागचा हलवत नाही, तो कोऱ्या कागदासमोर दहा मिनिटं बसला की स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठतो. बाथरूमचा गळका नळ मी एका एकांकिकेच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी बंद केला. कुंड्यांना गेरू लागला तो एका व्यक्तिचित्रामुळे. पंखे पुसले गेले ते एका परिसंवादाच्या टिपणाच्या कृपेनं, आणि माळ्यावरची पितळी भांडी चिंच लावून घासली गेली त्या साली मी एक ऐतिहासिक नाटक मनावर घेतलं होतं. नाटक झालं नाही. भांडी अजून चकाकतात. माझं समग्र साहित्य कुणाला अभ्यासायचं असेल तर त्यानं ग्रंथालयात जाऊ नये, आमच्या घरी येऊन दाराच्या बिजागऱ्या बघाव्यात. एक कुरकुरत असेल तर शपथ.

या सगळ्याचं मूळ काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्यापाशी जातं. त्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा नासला तो नासलाच. बाकीची माणसं आषाढात कांदाभजी खातात, लेखक संपादकांचे फोन घेतो. यंदा असाच एक फोन आला.

“लघुकादंबरी हवी. साठ-सत्तर पानं. गणपतीच्या आत.”

“विषय?”

“तुम्हाला सुचेल तो हो! तुम्हाला काय सांगायचं?”

मला विषय जागेवर सुचला. पानशेत. १२ जुलै १९६१. साताऱ्याकडचा एक तरुण आदल्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात उतरतो, रात्री एका वाड्यात मुक्काम करतो, आणि सकाळी धरण फुटतं. संपादक म्हणाले, “वा!” त्या एका ‘वा’वर मी आठवडाभर काढला. कादंबरीचं जे काय सुख असतं ते एवढंच, ती लिहायला लागण्याच्या आधीचं. भेटेल त्याला सांगत सुटलो, “सध्या एका मोठ्या कामात आहे.” भाजीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “ग्रिलचं का?”

मोठं काम म्हटलं की हत्यारं आली. अप्पा बळवंत चौकात जाऊन वह्या आणल्या, पेनं आणली, आणि पाच रंगांच्या चिकटचिठ्ठ्या. निळी चिठ्ठी कथानकाला, गुलाबी स्त्री-पात्रांना, हिरवी निसर्गवर्णनाला, पिवळी संवादांना. केशरी कशाला, ते ठरेना. त्यावर एक सकाळ गेली. शेवटी केशरी ‘इतर’ला दिली, आणि रंगांची सूची पुठ्ठ्यावर डकवून भिंतीला लावली. काम इतकं नेटकं झालं होतं की कादंबरी त्यापुढे खरं तर गौण वाटावी. बायकोनं सूची निरखून पाहिली.

“छान झालंय. आता हीच पद्धत फडताळातल्या डब्यांना लावून टाका.”

लावून टाकली. नायिकेच्या गुलाबी चिठ्ठ्या रवा, पोहे आणि साबुदाण्यात खर्ची पडल्या. कादंबरीत स्त्री-पात्र कमी दिसलं तर समीक्षकांनी हे लक्षात घ्यावं.

पहिलं वाक्य मात्र चटकन आलं. ‘तो एसटीतून उतरला.’ लिहिलं, पेन खाली ठेवलं, आणि मनात आलं, कुठली एसटी? १९६१ साली एसटी दिसायची कशी? रंग कुठला? बाकं लाकडी की गादीची? एखाद्या निवृत्त वाहकानं अंक वाचून पत्र धाडलं तर? तेव्हा मोबाइलवर फक्त पाच मिनिटं बघून घेऊ म्हटलं. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी धावली, या माहितीपाशी मी आत शिरलो, आणि दापोडीच्या कार्यशाळेपाशी बाहेर पडलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मधल्या वेळात मी जुन्या तिकिटांचे फोटो पाहिले, घाटात अडकलेल्या गाड्या पाहिल्या, आणि पुठ्ठ्याची हुबेहूब लालपरी कशी करायची याची एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. रात्रीच्या जेवणाआधी टीव्हीचा रिकामा खोका कापून झाला होता. चाकांना शिशीची बुचं लावली. नायक अजून फूटबोर्डावरच.

पुस्तकी माहितीपेक्षा आँखों देखा हाल बरा, म्हणून पूर पाहिलेल्या आमच्या एका काकांना फोन केला.

“काका, एकसष्ट साली साताऱ्याची एसटी थांबायची कुठे?”

“एसटीचं काय घेऊन बसलास! आमचा नवा रेडिओ गेला वाहून.”

मग काकांनी रेडिओ सांगितला, रेडिओ घेण्यासाठी काढलेलं कर्ज सांगितलं, नारायण पेठेतला वाडा, वाड्याचा मालक, आणि पूर ओसरल्यावर त्या मालकाशी कित्येक वर्षं चाललेला खटला तारीखवार सांगितला. पानशेत फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं, लाकडी पूल पाण्याखाली गेला, सगळं पुणं चिखलात बसलं, आणि माझा नायक ठणठणीत कोरडा, एक पाय पायरीवर आणि एक हवेत.

एकाग्रतेवर उपाय नाहीत असं नाही. उपाय इतके आहेत की तेच वाचण्यात मनुष्य एकाग्र होतो. व्हिक्टर ह्यूगोची हकीकत मला फार पटली. १८३० साली प्रकाशकाचा तगादा लागला तेव्हा त्यानं म्हणे बाहेर जायचे सगळे कपडे कुलपात टाकले, शाईची बाटली आणली, अंगावर एक भलीमोठी करडी शाल गुंडाळली आणि नोत्र-दामची ती अजस्र कादंबरी काही महिन्यांत हातावेगळी केली. कपडेच नाहीत तर जाणार कुठे? मी माझे शर्ट, पँटी आणि बरे झब्बे बायकोच्या ताब्यात दिले आणि गंजी-लेंग्यावर बसलो.

हा उपाय पॅरिसमध्येच चालतो. गंजी-लेंग्यातल्या माणसाला पुण्यात कुठलंही दार बंद नाही. त्या वेषात मी वाण्याकडे जाऊन आलो, गिरणीत दळण ठेवून आलो, खालच्या मजल्यावर सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आलो, आणि सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात अर्धा तास मध्यस्थी केली. उलट कपड्यांची अट गेल्यामुळे घराबाहेर पडायला जो वेळ लागायचा तोही वाचला.

मग मुलानं टोमॅटो सुचवला. “बाबा, पोमोडोरो करून बघा.” फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, अशी शिस्त जगाला घालून दिली. आमच्याकडे टोमॅटोच्या आकाराचे फक्त टोमॅटो आहेत. पण वेळ मोजायचं साधन म्हणाल तर कुकर होता. डाळ-तांदळाचा कुकर लागला की बसायचं आणि वाफ जिरली की उठायचं, असं मी ठरवलं. पहिली शिट्टी झाली. मी सावरून बसलो. दुसरी झाली. तिसरी होईल म्हणून कान लावून बसलो, ती जरा उशिरा झाली, त्यामुळे रिंग सैल झाली असावी अशी शंका आली. स्वयंपाकघरातून आवाज आला, “किती झाल्या हो?”

“चार!”

“आणि शब्द?”

या बाईला कुणी सांगितलं कोण जाणे, पण तिला नेमकं विचारता येतं.

दोस्तोयेव्हस्कीचा दाखला त्याहून धाडसी. १८६६ साली डोक्यावर करार, मुदत संपत आलेली, तेव्हा त्यानं अ‍ॅना नावाची लघुलेखिका ठेवली आणि ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत तोंडी सांगून संपवली. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं, हा तपशील मी घरात सांगितला नाही. लघुलेखिका परवडणारी नव्हतीच, पण मोबाइलला हल्ली मराठी ऐकून टंकता येतं. मी फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले, येरझारा घालत आवाज लावला आणि एका दमात दोन पानांचा प्रसंग सांगितला. हुंदका आला माझाच मला. मग चष्मा लावून वाचलं:

‘पहाटेच्या धुक्यात एसटी थांबली आणि त्याचं काळीज कोथिंबीर दहाला दोन जुड्या मातीची नको आई गं असं म्हणून त्याने मुठेच्या पाण्याकडे पाहिले गॅस बारीक करा दूध ऊतू जाईल त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी दोन दिवस येणार नाही टाकी भरून ठेवा.’

मी ते पुसणार होतो. बायकोनं हात धरला. “राहू दे. कोथिंबिरीपासून पुढे चांगलं झालंय.”

एव्हाना बातमी सोसायटीत फुटली होती. सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाले, “ऐकलं, कादंबरी हातात घेतलीत! अभिनंदन. मग आता वरच्या टाकीच्या सफाईवर जरा लक्ष ठेवाल का? तुम्ही घरीच असता.” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅसचा सिलिंडर घेऊन ठेवायला सांगितलं. समोरच्या आजोबांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता, तोही मोबाइलवरून, बोट आणि चेहरा दाखवून. आजोबांचा चेहरा जुळेना. मशीनच्या मते ते हयात नव्हते. ते हयात आहेत हे सिद्ध करण्यात एक दुपार गेली, पण ती दुपार मला मनापासून आवडली. कादंबरीतल्या माणसात जीव ओतण्यापेक्षा हे किती सोपं!

शेवटी मी एका वकील मित्राकडे गेलो. माझं म्हणणं सरळ होतं. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’चा अवाढव्य खर्डा मंडालेच्या तुरुंगात एका हिवाळ्यात पूर्ण केला, तोही पेन्सिलीनं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केली आणि १३ तारखेला संपवली. विनोबांची ‘गीताप्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगातली. नेहरूंनी भारताचा शोध लावला तो अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना. महाराष्ट्रात लेखनाला हवेशीर, शांत आणि जेवणाची सोय असलेली जागा म्हणजे तुरुंग, हे उघड आहे.

“त्यांना राजद्रोहासाठी, स्वातंत्र्यासाठी आत टाकलं होतं,” मित्र म्हणाला. “तू काय केलंस?”

“अजून काही नाही. म्हणूनच आलोय. काय केलं की साधारण महिनाभर मिळेल?”

“सिग्नल तोडलास तर दंड भरून घेतील. शांततेचा भंग केलास तर संध्याकाळी सोडतील. आणि माझं अशिलांमध्ये नाव आहे ते जामीन मिळवण्यासाठी, न मिळवण्यासाठी नाही.” मग त्याला दया आली. “तुला कोठडीच पाहिजे ना? सदाशिव पेठेत अभ्यासिका लाव.”

ज्यांनी अभ्यासिका आतून पाहिली नाही त्यांनी मंडालेची कल्पना करू नये, कमी पडेल. एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर प्लायवूडचे खण पाडलेले, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचं सॉकेट आणि स्पर्धा परीक्षेला बसलेला एक उमेदवार. महिन्याचे पैसे आगाऊ. दारात चपलांचा ढीग. भिंतीवर पाटी: ‘येथे झोपू नये. झोपल्यास घोरू नये.’ माझ्या खणात आधीच्या रहिवाशानं ‘पीएसआय होणारच’ असं लिहून खाली तीन रेघा मारल्या होत्या. मी खाली बारीक अक्षरात ‘लघुकादंबरी’ असं लिहिलं. रेघ मारली नाही.

शांतता अशी की पान उलटल्याचा आवाज यावा. मीही वही उघडली. नायकाला म्हटलं, आता उतर बाबा. तेवढ्यात शेजारच्या खणातून एक मुंडकं वर आलं. लातूरकडचा मुलगा होता.

“काका, कितवा अटेम्प्ट?”

“पहिलाच.”

“एज लिमिट बसते का तुमची?”

“आमच्या परीक्षेला नसते.”

हे वाक्य मी जपून बोलायला हवं होतं. दोन मिनिटांत माझ्या खणाभोवती सात-आठ जण गोळा झाले. वयोमर्यादा नसलेली परीक्षा! जाहिरात कधी आली, जागा किती, मुलाखत असते का? मी सांगितलं, मुलाखत असते, पण छापून आल्यावर. पगार? नाही. पेन्शन? नाही. निकाल? दिवाळीत, आणि लागला तरी कुणाला कळत नाही. मुलं हळहळून आपापल्या खणात गेली. लातूरचा तेवढा थांबला. “काका, मग तुमचं मराठी चांगलं असणार. कर्मणी आणि भावे प्रयोगात माझा घोळ होतोय. पाचच मिनिटं.”

त्या पाच मिनिटांविषयी मी काय सांगू! प्रयोगांवरून समासांवर गेलो, समासांतून वृत्तांत शिरलो. बहुव्रीही समजावताना माझी जी समाधी लागली ती कादंबरीवर कधी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी जिन्यावर वर्ग भरला. आठवड्याभरात मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या त्याच वह्यांमध्ये ‘मराठी व्याकरण: झटपट उजळणी’ या टिपणांची साठ पानं काढली. हो, साठ! केशरी चिठ्ठ्यांचाही उपयोग झाला, अपवादांसाठी. खालच्या झेरॉक्सवाल्यानं त्या पानांच्या प्रती काढून स्पायरल बांधणी करून विकायला ठेवल्या, आणि माझ्याच टिपणांची प्रत मला पूर्ण किमतीला विकत दिली. माझी एवढी खपणारी कृती दुसरी नाही.

लातूरच्या मुलाला माझ्या विषयाचीही चांगली तयारी होती. “पानशेत, काका? अंबी नदी. बारा जुलै एकसष्ट, बुधवार. लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती रचून धरण तोलायचा प्रयत्न केला.” तो थांबला. “आणि तुमचा माणूस या वेळी कुठे होता?”

“एसटीत.”

“अजून?”

गणपती जवळ आले तसे संपादकांचे फोन वाढले. सकाळी अकराला नेमानं फोन यायचा. मला आधी धाक वाटायचा, मग सवय झाली, आणि नंतर तर अकरा वाजले तरी फोन आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं. पहिली दोन मिनिटं कादंबरीची, बाकीचा पाऊण तास डेंग्यू, मेट्रो आणि कागदाचे भाव. एके दिवशी मी धीर करून विचारलं, “तुम्ही इतका वेळ सगळ्याच लेखकांना देता?”

पलीकडे जरा शांतता पसरली.

“खरं सांगू? संपादकीय लिहायचंय. दीड पान. महिना झाला. लिहायला बसलो की लेखकांची आठवण येते. गेल्या पंधरवड्यात सगळ्यांचे फोन झाले, वर्गणीदारांचे पत्ते तपासून झाले, गोदामातले जुने अंक वर्षवार लावून झाले. काल तर शिपायाच्या मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरून दिला.”

“विषय काय संपादकीयाचा?”

“‘हरवत चाललेली एकाग्रता’.”

मी म्हटलं, मी लिहून देतो. आणि दिलं! त्याच दुपारी, एका बैठकीत, मध्ये पाण्यालाही न उठता. कुकर किती वेळा वाजला मला ठाऊक नाही. बायको येऊन दोनदा कपाळाला हात लावून गेली. दुसऱ्याचं काम, त्यातून आपलं काम बाजूला टाकून करायचं, यात लेखणीला जो वेग येतो त्याला तोड नाही. संध्याकाळी मजकूर पाठवला. रात्री त्यांचा फोन.

“उत्तम झालंय. आणि ऐका, रागावू नका. तुम्ही लिहिताय म्हटल्यावर मी मोकळा झालो, तर तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी उरकून टाकलं. तुमचा तो माणूस उतरवला एकदाचा.”

माझ्या पोटात गोळा आला. “कुठे उतरवलात? स्वारगेटला?”

“छे! एसटी कशाला मध्ये? उगाच रंग काय, बाकं काय. मी त्याला सरळ आगगाडीनं आणलाय. सातारा रोडला बसतो, पुण्याला उतरतो.”

“अहो, पण ती मीटरगेज होती तेव्हा!”

“म्हणजे?”

“पुणे-मिरज मार्ग. एकसष्ट साली मीटरगेजच होता. डबे लहान, इंजिन वाफेचं. तुम्ही त्याला कुठल्या गाडीत बसवलंत?”

फोनमध्ये कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी धाडकन पडलं.

“फोन ठेवू नका,” संपादक म्हणाले. त्यांच्या आवाजात मी महिनाभरात न ऐकलेली टवटवी होती. “वडिलांच्या ट्रंकेत रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक आहे बहुतेक. पाचच मिनिटं.”